आउनेबाईंनी धुतलेली पिशवी

बुधवारी सकाळी मुस्ती मांजर घर सोडून शेजारच्या हेल्वीबाईंच्या पायरीवर जाऊन बसली आणि वाटीत दूध ओतल्याचा आवाज ऐकूनही परत येईना, तेव्हा आउनेबाईंनी मनाशी ठरवलं की आता त्या पिशवीचं काहीतरी केलंच पाहिजे.

पिशवी दार्ताची होती. दार्ता तेरा वर्षांची, लात्वियातल्या लिएपायाहून आमच्या हाउकिलाम्पी गावी आइस हॉकीच्या उन्हाळी शिबिरासाठी आलेली. एरवी शिबिराची मुलं शाळेच्या वसतिगृहात राहतात, पण यंदा तिथले नळ फुटले आणि मुलांना दोन-दोन करून घरोघरी वाटून द्यावं लागलं. शेवटी दार्ता एकटी उरली, कारण ती गोलरक्षक होती आणि तिच्या पिशवीबरोबर एका खोलीत झोपायला कुणी तयार नव्हतं. आउनेबाईंना हे कारण कुणी सांगितलं नाही. मुलगी शांत आहे, सगळं खाते आणि लवकर झोपते, एवढंच सांगितलं. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

आउनेबाईंनी चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. गावातला पन्नाशीच्या आतला प्रत्येक माणूस गुरुवारी त्यांच्या हातचं वाटाण्याचं सूप पिऊन मोठा झालेला, त्यामुळे त्यांच्या शब्दाला गावात पोलिसापेक्षा जास्त वजन होतं. स्वच्छतेच्या बाबतीत तर त्यांचा असा दरारा की त्यांच्याकडे कॉफीला जाताना लोक मोज्याला भोक नाही ना, हे आधी बघून घेत. आइस हॉकी हा मात्र त्यांच्या लेखी शुद्ध वेडेपणा होता. सहा महिने फावड्यानं बर्फ उपसायचा आणि जुलैत वीज जाळून तोच पुन्हा तयार करायचा, याला काय म्हणावं? सत्तर वर्षांत त्यांनी त्या बंदिस्त बर्फाच्या मैदानाच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं.

आणि आता तो खेळ त्यांच्या ओसरीत येऊन बसला होता. पिशवी दार्तापेक्षा मोठी होती. तिची चेन बंद असली तरी वास थांबत नसे, आणि उघडली की ओसरीतल्या कोटांनासुद्धा दुसरीकडे हलवावंसं वाटे. त्यात पायांचे दोन जाडजूड पॅड होते, छातीचं चिलखत होतं, झेलायचा मोठा हातमोजा होता, आणि तळाशी एक करडा लोकरीचा बनियन होता. सगळ्याचं मूळ त्या बनियनात होतं.

दोघींची भाषा एक नव्हती. दोघी मोडकंतोडकं इंग्रजी बोलत, आणि दोघींचं ते सारखंच मोडकं असल्यामुळे एकमेकींना नीट कळत असे. पहिल्याच दिवशी आउनेबाईंनी आडून आडून धुण्याचा विषय काढला होता.

"बनियन नाही धुवायचा," दार्ता म्हणाली. "नोव्हेंबरपासून घालतेय. एकोणीस सामने झाले, एकही हरले नाही."

"मग धुणार तरी कधी?"

"हंगाम संपल्यावर."

"पोरी, जुलै चालू आहे. कसला हंगाम?"

"माझा अजून संपलेला नाही," दार्ता म्हणाली आणि राईच्या पावाला शांतपणे लोणी लावू लागली.

मग तेवढ्याच शांतपणे तिनं बाकीचंही सांगितलं. तिच्या क्लबात ती मुलांच्या संघातून खेळायची. चौदाव्या वर्षापासून मुलांच्या संघात मुलगी चालणार नाही, असं क्लबनं कळवलं होतं, आणि मुलींचा संघ तिच्या गावी नव्हता. इकडे आमच्या जिल्ह्याच्या मुलींच्या संघाला एक गोलरक्षक हवी होती. एकच. शाळा इथली, खेळ इथला, ऑगस्टपासून. निवड करणाऱ्या रायली हुक्कानेन शिबिराचा गावच्या संघाविरुद्धचा शेवटचा सामना बघायला शनिवारी येणार होत्या.

"शनिवारी जमलं नाही तर संपलं," असं दार्तानं बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. आउनेबाईंनी तिच्या ताटात आणखी दोन बटाटे वाढले आणि वर शेपू जरा जास्तच भुरभुरली.

गुरुवारी बर्फावर सराव नव्हता. प्रशिक्षक गुंतिस सगळ्या मुलांना घेऊन सकाळीच तळ्यावर वल्ही मारायला गेला होता. त्याच दिवशी आउनेबाई आणि हेल्वीबाई यांचा सतरंज्या धुण्याचा दिवस होता. आमच्याकडे जुलैत कुणी कुठल्याही कामाला नाही म्हणेल, पण सतरंज्या धुण्याचा दिवस चुकवणार नाही. आउनेबाईंनी हातगाडीवर चिंध्यांच्या सात सतरंज्या रचल्या, पाइनच्या साबणाची बाटली ठेवली, ताठ केसांचे ब्रश ठेवले आणि ओसरीत थबकल्या. त्यांनी हिशेब केला. गुरुवारी धुतलं, दोन दिवस ऊन लागलं, की शनिवारी सगळं खडखडीत. राहिला बनियनाचा प्रश्न. स्वच्छतेनं आजवर कुणाचं वाईट झाल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी पिशवी उचलून सतरंज्यांवर ठेवली, आणि हातगाडीचं चाक कुरकुरलं.

तळ्याकाठच्या घाटावर आणखी तिघी आधीच घासत बसल्या होत्या. थर्मासमध्ये कॉफी होती, वेलदोड्याचे गोड पाव होते, गप्पा रंगात आल्या होत्या. आउनेबाईंनी पिशवीची चेन उघडली आणि गप्पा थांबल्या. एकीनं हातातला पाव परत डब्यात ठेवला.

पहिला पॅड हौदात गेला. पाणी आधी कॉफीसारखं झालं, मग डांबरासारखं. हौद सोडला, भरला, पुन्हा तेच. चौथ्या पाण्याला पॅडचा मूळ रंग पांढरा असल्याचं उघड झालं, तेव्हा पाचही जणी कमरेवर हात ठेवून नुसत्या बघत राहिल्या. इतका मळ एका जागी त्यांच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता, आणि घाटावर त्या जन्मभर येत होत्या.

"आमच्या तळघरात पाणी शिरलं होतं तेव्हाच्या सतरंज्या मी धुतल्यात," हेल्वीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण हे म्हणजे अगं..."

हातमोज्यातून तीन चिकटपट्ट्या, एक वाळकी नासपती आणि एक दात निघाला. दात त्यांनी बशीत बाजूला काढून ठेवला. चिलखत पिळायच्या यंत्रात घातलं तर ते दोन रुळांच्या मध्ये अडकलं. तिघींनी दांड्याला लटकून ते फिरवलं, तेव्हा बाहेर आलं ते दीडपट रुंद होऊन. बनियन आउनेबाईंनी स्वतः घासला, शेवटी, गरम पाण्यात, दोनदा. लोकर गरम पाण्यात घालू नये हे त्यांना पाचव्या वर्षापासून माहीत होतं. पण तो वास समोर असताना माणसाची बुद्धी चालत नाही.

सगळं दांडीवर टांगून झालं, घाट पाइनच्या वासानं भरून गेला, आउनेबाईंनी समाधानानं कॉफी ओतली आणि तेवढ्यात हेल्वीबाईंच्या फोनवर निरोप आला. त्यांचा नातू ओन्नी गावच्या संघातून खेळायचा, म्हणून शिबिराचे सगळे निरोप त्यांना येत. शेवटचा सामना शनिवारऐवजी शुक्रवारी दुपारी बारा वाजता. रायलीबाईंची सुट्टी शुक्रवारी सुरू होते आणि त्या सामना संपताच तळ्याकाठच्या आपल्या घरी निघणार आहेत. यात कुणाला काही गैर वाटलं नाही. सुट्टीतला शनिवार आमच्याकडे कुणी हॉकीसाठी मोडत नाही, खुद्द हॉकीवालेही नाही.

आउनेबाईंनी दांडीकडे पाहिलं. पॅडांतून नळासारखं पाणी गळत होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि कॉफी तशीच खाली ठेवली.

दार्ता चार वाजता परतली. ओसरीत पिशवी नव्हती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनियन ठेवलेला होता. तो आता मुस्तीला नीट बसला असता.

"धुतला," आउनेबाई म्हणाल्या.

दार्तानं तो उचलला, नाकाशी नेला, पुन्हा घडी करून ठेवला. आमच्या गावात गप्प बसण्याचं कुणाला नवल नाही. दोन माणसं अर्धा तास न बोलता कॉफी पितात आणि मजा आली म्हणून घरी जातात. पण हे गप्प बसणं तसलं नव्हतं, आणि आउनेबाईंना ते सहन होईना.

"तुम्हाला सांगितलं होतं मी," दार्ता शेवटी म्हणाली.

"सांगितलं होतंस."

"मग?"

"मला वाटलं मला जास्त कळतं," आउनेबाई म्हणाल्या. "चूक झाली माझी. मोठी चूक झाली." चाळीस वर्षांत शाळेतल्या कुठल्या मुलाला त्यांनी हे वाक्य म्हटलं नव्हतं. त्यांना खरोखर लाज वाटत होती आणि ती लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. मग त्यांनी कोट चढवला, कारण लाज वाटून पॅड वाळत नाहीत.

आधी त्यांनी अंगणातला सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, तापवायला घेतला. पण नेहमीसारखा तापवला तर पॅडांचा डिंक सुटेल आणि कोमट ठेवला तर ते रविवारपर्यंत वाळणार नाहीत, असं दिसलं. मग त्या थेट अग्निशमन केंद्रावर गेल्या. तिथला प्रमुख वेइक्को पंचेचाळीस वर्षांचा, दणकट माणूस, पण आउनेबाई दारात दिसताच तो आपोआप उभा राहिला.

"वेइक्को, तुमच्या मनोऱ्यात ते पाण्याचे पाइप वाळवता ना?"

"हो, आउनेबाई. वर टांगतो, खालून गरम हवा सोडतो. एका रात्रीत कोरडे."

"पाइप खाली उतरव. मला वर दुसरं काही टांगायचं आहे."

"आउनेबाई, तो मनोरा सरकारी..."

"तुला सूप दुसऱ्यांदा वाढताना मी कधी नियम बघितला होता का?"

वेइक्कोनं पाइप उतरवले.

शुक्रवारी सकाळी दहाला सगळे मनोऱ्याखाली जमले. हवेनं काम चोख केलं होतं. चिलखत कोरडं, हातमोजा बाहेरून कोरडा, उजवा पॅड जवळपास कोरडा. डावा पॅड खाली येईना. वर दोरी कप्पीतून निसटून फटीत अडकली होती आणि पॅड पंधरा मीटरवर गोल गोल फिरत होता. वेइक्कोनं दोरी ओढली, दोघांनी ओढली, चौघांनी ओढली. मग आउनेबाईंनी अंगणात उभ्या शिडीच्या गाडीकडे पाहिलं. वेइक्को म्हणाला, ती आग लागल्याशिवाय काढता येत नाही, किंवा सरावासाठी. आउनेबाई म्हणाल्या, मग सराव करा.

मनोऱ्याच्या खिडकीपर्यंत शिडी गेली. रस्त्यावर माणसं जमली, बेकरीवाला दुकान उघडं टाकून आला. वेइक्को आत वाकला, बाहेर आला तेव्हा त्याच्या काखेत पॅड होता, आणि खालच्या गर्दीतून एक लांब श्वास ऐकू आला. आउनेबाई खाली शिडी धरायला उभ्या होत्या, मैदानात थंडी असते म्हणून घातलेल्या त्यांच्या करड्या लोकरीच्या जाकिटाच्या बाहीवर वंगणाचा हातभर पट्टा उमटला. केंद्राच्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी आहे: सराव, उंचावरून सुटका, सुटका झालेल्यांची संख्या एक.

पावणेबारा झाले होते. वेइक्कोनं कुणी न सांगता आउनेबाई आणि दार्ता दोघींना शिडीच्या गाडीत बसवलं. वाटेत आउनेबाईंनी पिशवीतून आपला जुना स्कीइंगचा बनियन काढला. तो दार्ताच्या गुडघ्यापर्यंत आला. तिनं तो आत खोचला.

अशा रीतीनं सत्तराव्या वर्षी आउनेबाई पहिल्यांदा त्या मैदानात शिरल्या. बाहेर सव्वीस अंश होतं आणि आत तोंडातून वाफ निघत होती. बर्फ इतका स्वच्छ होता की त्यांना क्षणभर आदर वाटला. मग पोरं आत आली, आणि त्या उठून उभ्याच राहिल्या. जी पोरं जेवताना दुधाचा पेला धड धरू शकत नाहीत, तीच पोरं मागे न बघता मागे धावत होती, एका पायावर वळत होती, पाण्याच्या थेंबासारखी एकमेकांच्या मधून निसटत होती. हे सगळं गावात इतकी वर्षं चाललं होतं आणि त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर सगळ्यांनी सांगितलं होतं.

जागा मिळाली ती गावच्या संघाच्या बाकामागे. शेजारी हेल्वीबाई, हातात गोड पाव. वर कोपऱ्यात रायलीबाई वही घेऊन बसल्या होत्या. बाहेर त्यांची गाडी सामान भरून, छतावर नाव बांधून तयार उभी होती.

सामना सुरू झाला आणि चौथ्या मिनिटाला दार्तावर गोल झाला. नवव्या मिनिटाला दुसरा. तिचे पॅड अजून ओलसर होते, चिलखत रुंद झाल्यानं खांद्यावरून घसरत होतं. पण खरी गडबड वेगळीच होती. गावची पोरं तिच्या अंगावर चढून जात होती. गोलच्या तोंडाशी तिघं-तिघं उभी राहत, परत आलेली रबराची चकती पुन्हा पुन्हा ढकलत. दार्ताला हे नवीन असावं. ती मागे मागे सरकत गोलच्या जाळीला टेकली होती. तिसरा गोल तिच्या दोन पायांमधून गेला.

बाकावर ओन्नी धापा टाकत परतला आणि शेजारच्या पोराच्या पाठीत थाप मारून म्हणाला, "जा रे बिनधास्त आत. आज वास येत नाहीये."

आउनेबाईंनी पुढे वाकून त्याचं हेल्मेट धरलं. "काय म्हणालास?"

ओन्नी पहिलीत असताना त्यांच्या हातचं जेवलेला होता. त्याला खोटं बोलणं जमलं नाही. शिबिरातल्या आधीच्या तिन्ही सराव-सामन्यांत तिच्या जवळ कुणी जाऊच शकत नव्हतं, त्यानं सांगितलं. दोन मीटरवर गेलं की डोळ्यांतून पाणी यायचं. लांबूनच मारा, असं सगळ्यांचं आपोआप ठरलेलं. आणि लांबून मारलेलं ती झोपेतही अडवते.

आउनेबाई मागे टेकल्या. आपण नेमकं काय धुऊन टाकलं, ते त्यांना आता कळलं. मुलीनं देव मानलेला तो बनियन खरोखरच देव होता, फक्त तो वेगळ्या मार्गानं पावत होता.

मध्यंतरात त्या शिबिराच्या पाहुण्या संघाच्या खोलीच्या दारात गेल्या. गुंतिसनं त्यांना अडवलं नाही, तीन गोल खाल्लेल्या माणसाला कुणालाच अडवायचा उत्साह नसतो. दार्ता बाकावर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. आउनेबाई शेजारी बसल्या. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, म्हणून ओन्नी जे म्हणाला ते त्यांनी जसंच्या तसं सांगितलं.

दार्तानं डोकं वर केलं.

"म्हणजे एकोणीस सामने वासानंच जिंकले," ती म्हणाली. "मी नव्हतेच."

तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. तू फार छान खेळतेस, असं काहीतरी म्हणावं, असं आउनेबाईंना वाटलं. पण कच्च्या बटाट्याला शिजला म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

"ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी आज पहिल्यांदा पाहतेय. तुलाही माहीत नाही. पण आता मध्ये वास नाही, बनियन नाही. आता जे अडेल ते तूच अडवलेलं असेल."

"आणि नाही अडलं तर?"

"तर तेही तूच. मग घरी जाऊ आणि जेवू."

दार्तानं नाक पुसलं. "रायलीबाई गेल्या?"

"गाडी भरून उभी आहे. पण त्या आहेत."

दुसऱ्या भागात दार्ता जाळीला टेकली नाही. ती एक पाऊल पुढे आली, मग आणखी एक, आणि गोलच्या तोंडाशी घुसायला आलेल्या पोरांना जागाच उरली नाही. ओन्नी एकटा समोरून आला. त्यानं डावीकडे दाखवलं, उजवीकडे मारलं. दार्ता डावीकडे हललीच नव्हती. चकती तिच्या हातमोज्यात गेल्याचा आवाज आला आणि तेवढ्यात त्या मोज्यातून पाण्याचे चार थेंब बर्फावर पडले. मग एकापाठोपाठ तीन फटके आले, एक पायावर, एक खांद्यावर, तिसरा ती पूर्ण आडवी झालेली असताना काठीच्या टोकावर. ती कधी उठली ते कुणाला दिसलं नाही, पण चौथा फटका आला तेव्हा ती उभी होती.

आउनेबाईंनी बाहीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. पोरगी सकाळी दात घासताना अर्धी झोपेत असते, सायकलचं कुलूप लावायला विसरते, आणि इथं तिला सगळं आधीच कळत होतं. कोण मारणार, कुठं मारणार, कधी. हे कुठून येतं माणसात, असं त्यांना वाटत राहिलं. त्यांनी चाळीस वर्षांत हजारो पोरांना वाढलं होतं, आणि त्यांतलं एकेक पोर आत असं काय काय घेऊन रांगेत उभं होतं, कोण जाणे. शेजारी हेल्वीबाईंच्या हातातला पाव तोंडापासून वीतभर अंतरावर थांबला होता, तो सामना संपेपर्यंत तिथंच राहिला. स्वतःच्या नातवाचे फटके अडताहेत याचंही त्यांना भान नव्हतं.

तिसऱ्या भागातही तिच्यावर गोल झाला नाही. पाहुण्यांनी मात्र दोन केले. शेवटच्या मिनिटाला तिसरा होता होता राहिला आणि भोंगा वाजला. तीन-दोन. दार्ताचा संघ हरला होता. एकोणीस सामन्यांची साखळी तुटली. पण गावच्या बाकावरून ठक ठक आवाज सुरू झाला. ओन्नी काठी कठड्यावर आपटत होता, मग सगळेच आपटू लागले, आणि ते दार्तासाठी होतं.

रायलीबाई खाली आल्या. उंच बाई, पुढचे दोन दात बसवलेले. दार्तासमोर उभ्या राहून त्यांनी वहीची मागची पानं उलटली.

"मार्चमध्ये तुला बघायला मी लिएपायाला आले होते," त्या म्हणाल्या. "दोन तास बसले. एकही पोरगं तुझ्या जवळ आलं नाही. मी काय लिहिलंय बघ. 'काही दिसलं नाही.'"

दार्तानं मान हलवली.

"आज दिसलं," रायलीबाई म्हणाल्या. त्यांनी वही मिटली. "पाच ऑगस्टला ये. आणि पिशवी अशीच धुतलेली हवी." मग त्या आउनेबाईंकडे वळल्या, ज्यांच्या सुपातला कांदा त्या शाळेत असताना ताटाच्या कडेला काढून ठेवत, आणि शाळेतल्यासारखा आवाज लहान करून म्हणाल्या, "आउनेबाई, मी आता कांदा खाते."

सुट्टीला निघायला त्यांना वीस मिनिटं उशीर झाला होता. आमच्या गावात याहून मोठी दाद कुणाला मिळालेली नाही. बशीतला दात तेवढा कुणाचाच निघाला नाही. दार्ता म्हणाली, तिचा तर नाहीच.

ऑगस्टमध्ये दार्ता आली ती आउनेबाईंकडेच राहायला. आता दर रविवारी ती स्वतः पिशवी रिकामी करते, पाइनच्या साबणानं सगळं घासते, सौनाच्या पडवीत टांगते. रुंद झालेलं चिलखतही तिनं बदललं नाही. आटलेला बनियन तिनं मुस्तीच्या टोपलीत घातला. मुस्ती घरी परतली आणि त्यावरच झोपू लागली. आउनेबाई एकही सामना चुकवत नाहीत. पहिल्या सामन्याला त्या गेल्या तेव्हा थंडी होती म्हणून त्यांनी करडं जाकीट घातलं होतं, तेच, बाहीवर वंगणाचा पट्टा असलेलं. संघ जिंकला. दुसऱ्या सामन्यालाही त्यांनी तेच घातलं. नोव्हेंबरपर्यंत अकरा सामने झाले. तोवर जाकिटावर तीनदा कॉफी सांडली होती, एकदा सामन माशाचं सूप, आणि हेल्वीबाई आता दोन खुर्च्या सोडून बसत होत्या.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दार्तानं हौद भरला, साबणाची बाटली शेजारी ठेवली आणि आउनेबाईंसमोर हात पुढे केला.

"द्या ते. दोन दिवसांत वाळेल."

आउनेबाईंनी जाकिटाचं वरचं बटण लावलं.

"वास येतोय, आउने," दार्ता म्हणाली. "मग धुणार तरी कधी?"

"हंगाम संपल्यावर," आउनेबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुस्ती हेल्वीबाईंच्या पायरीवर बसलेली होती.